खुब्याचा कारागीर : सर जॉन चार्न्ली

करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराच्या परिसरात ९६ पायऱ्यांची विहीर आहे. धडधाकट माणूस सहज उतरतो आणि थोडासा धापा टाकत वर येतो. पण ज्याचा खुबा झिजला आहे, त्याला त्या विहिरीची तिसरी पायरीही अवघड वाटते. मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून भाकरी थापणे, एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकणे या साऱ्या क्रिया खुब्याच्या एका सांध्यावर अवलंबून असतात, हे तो सांधा दुखू लागेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. मग गावाकडचा रुग्ण सोलापूर किंवा पुणे गाठतो आणि सांधाबदल करावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की त्याच्या तोंडी हमखास दोन प्रश्न येतात. हा नवा सांधा किती वर्षे टिकेल? आणि तो निखळणार तर नाही ना?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून अलीकडे ‘ड्युअल मोबिलिटी’ म्हणजे दुहेरी हालचालीच्या सांध्याचे नाव वरचेवर ऐकू येते. या सांध्याचा जन्म फ्रान्समधला. परंतु हे दोन्ही प्रश्न ज्याने प्रथम गंभीरपणे विचारले आणि पहिल्याचे उत्तर मिळवताना स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली, तो माणूस इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या मुलखात जन्मला होता. सर जॉन चार्न्ली हे त्याचे नाव. आज जगभर दरवर्षी लाखो लोकांच्या खुब्यात जो कृत्रिम सांधा बसतो, त्याची मूळ आखणी चार्न्ली यांची आहे.

२९ ऑगस्ट १९११ रोजी लँकेशायर परगण्यातील बरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. घरात औषधांच्या बाटल्या आणि रुग्णसेवेच्या गोष्टी, गावात गिरण्यांचे भोंगे आणि यंत्रांचा खडखडाट, असे ते बालपण. मुलगा अभ्यासात हुशार होताच. पण यंत्रे उघडून पुन्हा जोडण्याचा नाद अधिक होता. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. इतक्या लहान वयात हा मान फार थोड्यांना मिळत असे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कच्या माघारीच्या धामधुमीत त्यांचा सहभाग होता. नंतर त्यांची रवानगी इजिप्तला झाली. तेथे मोडलेल्या हाडांच्या जवानांवर उपचार करताना लष्करी कार्यशाळेतील कारागिरांशी त्यांची गट्टी जमली. शस्त्रक्रियेची उपकरणे आणि मोडलेल्या पायांना आधार देणारे साचे ते स्वतः आखत आणि कारागिरांकडून घडवून घेत. शल्यविशारदाने लेथ यंत्रापाशी उभे राहायला लाजू नये, ही सवय त्यांना तिथे लागली आणि अखेरपर्यंत सुटली नाही. पुढे मँचेस्टरच्या घरीही त्यांनी लेथ बसवला होता. सुरुवातीच्या काळात रुग्णांच्या शरीरात बसवलेले काही भाग त्यांनी त्या लेथवर स्वतः कातलेले होते, ही गोष्ट आजच्या परवान्यांच्या आणि प्रमाणपत्रांच्या काळात खरी वाटणार नाही.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांची तयारी मात्र अविचाराच्या सीमेला टेकलेली होती. युद्धानंतर ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात काम करताना हाडाचे कलम कसे जिवंत राहते, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाड पिकले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियागृहातल्या जंतूंविषयी पुढे त्यांनी जी पराकोटीची दक्षता घेतली, तिचे एक मूळ या स्वानुभवात असावे.

१९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. १९५० मध्ये त्यांचे मोडलेल्या हाडांच्या उपचारांवरील पुस्तक आले. हाड न उघडता, केवळ हाताने बसवून आणि प्लास्टर घालून ते कसे जुळवावे, हा त्याचा विषय. त्या एका पुस्तकावरही त्यांचे नाव अस्थिशास्त्रात राहिले असते. पण मन दुसरीकडे ओढले जात होते.

त्या काळी खुब्याचा सांधा झिजला, तर पर्याय फारच अपुरे होते. सांधा कायमचा जखडून टाकणे हा एक. त्याने वेदना थांबत, पण पाय काठीसारखा ताठ होई. दुसरा उपाय फ्रान्समधील ज्युदे बंधूंनी रूढ केलेला. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा काढून तिथे ॲक्रिलिकचा गोळा बसवायचा. अशाच एका रुग्णाची हकीकत चार्न्ली यांच्या कानावर आली. शस्त्रक्रियेनंतर त्याचा खुबा हलताना असा करकर आवाज करी, की तो जेवणाच्या टेबलावर मीठमसाला घ्यायला पुढे झुकला की पत्नीला खोलीतून उठून जावे लागे. इतर डॉक्टरांनी हा किस्सा हसण्यावारी नेला असता. चार्न्ली यांनी त्याचा अर्थ लावला. आवाज येतो म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणजे दांडा आज ना उद्या हाडात सैल होणार.

मग त्यांनी नैसर्गिक सांध्याच्या घर्षणाचा अभ्यास मांडला. निरोगी सांध्यातील कूर्चा बर्फावर बर्फ घसरावा त्याहूनही अधिक गुळगुळीतपणे घसरते, हे त्यांना मोजमापांतून दिसले. कूर्चेसारखा निसरडा पदार्थ बाजारात मिळतो काय, याचा शोध घेताना टेफ्लॉनवर त्यांची नजर गेली. आज न चिकटणाऱ्या तव्यांमुळे घराघरांत माहीत असलेला हा पदार्थ तेव्हा नवलाचा होता.

यातून उभी राहिलेली रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण नंतरचे सारे तिच्याच भोवती फिरते. ओटीपोटाच्या हाडातील खोबणीत टेफ्लॉनची वाटी. मांडीच्या हाडात रोवलेला पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला पोलादी गोळा. दोन्ही भाग हाडात घट्ट बसावेत म्हणून दंतवैद्यकात वापरले जाणारे ॲक्रिलिक सिमेंट. हे सिमेंट त्यांना मँचेस्टरच्या दंत महाविद्यालयातील रसायनतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांनी सुचवले होते. इथे चार्न्ली यांनी एक धाडसी निर्णय घेतला. माणसाच्या खुब्याचा गोळा बराच मोठा असतो. पण गोळा जितका मोठा, तितकी घर्षणाने वाटीला पीळ देण्याची ताकद अधिक. म्हणून त्यांनी गोळा लहान करत करत अखेर सुमारे २२ मिलिमीटर व्यासावर आणला. वाटी सैल पडण्याचा धोका त्याने घटला. पण लहान गोळा वाटीतून चटकन बाहेर निसटू शकतो. आपण एका संकटाच्या बदल्यात दुसरे पत्करतो आहोत, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

विगनजवळचे राइटिंग्टन हे मूळचे क्षयरोग्यांचे रुग्णालय. औषधांमुळे क्षय ओसरू लागला तशा तिथल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. मँचेस्टरची मानाची जागा सोडून चार्न्ली या आडगावी येऊन बसले, तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. १९६१ मध्ये तेथे खुब्याच्या शस्त्रक्रियांचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालत घरी जाऊ लागले. नाव होऊ लागले. अशा यशाच्या भरात संकट आले.

सुमारे ३०० रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवून झाल्या होत्या. पहिले वर्ष दृष्ट लागावी असे गेले. दुसरे बरे गेले. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास रुग्ण परत येऊ लागले. क्ष-किरण चित्रांत पोलादी गोळा वाटीत खोल रुतलेला दिसे. टेफ्लॉन झिजत होते, आणि त्याची भुकटी आजूबाजूच्या पेशींना चेतवून हाड पोखरीत होती. घर्षण कमी असणे म्हणजे झीज कमी असणे नव्हे, हा धडा चार्न्ली यांना ३०० माणसांच्या खुब्यांतून मिळाला. कोणत्याही डॉक्टरसाठी याहून कठोर शिक्षा नसेल. त्यांनी टेफ्लॉनचा दोष झाकला नाही. रुग्णांना पुन्हा बोलावले, पुन्हा शस्त्रक्रिया केल्या, आणि जो पदार्थ आपण लोकांच्या शरीरात घातला तो शरीरात काय करतो, हे जाणण्यासाठी टेफ्लॉनची भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. कित्येक महिन्यांनंतरही तेथे हाताला गाठी लागत होत्या. ते निरीक्षण त्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले.

मार्ग निघाला तो अनपेक्षित दिशेने. सोलापूरच्या मागांची धडधड ज्यांच्या कानात आहे, त्यांना ही गोष्ट विशेष भावेल. मे १९६२ मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना मागाचे प्लास्टिकचे दाते पुरवणारा एक विक्रेता राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. त्याच्याकडे जर्मनीत तयार होणाऱ्या एका कणखर प्लास्टिकचा नमुना होता. उच्च रेणूभाराचे पॉलिइथिलीन. रुग्णालयातील यंत्रकारागीर हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा चार्न्ली यांना दाखवला. चार्न्ली यांनी अंगठ्याचे नख त्यावर रोवले, ओरखडा उमटला, आणि हे काही कामाचे नाही असे ठरवून ते परिषदेसाठी कोपनहेगनला निघून गेले.

क्रेव्हन मात्र हटले नाहीत. त्यांनी तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. चार्न्ली परतले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. टेफ्लॉन जेवढे एका दिवसात झिजे, तेवढेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नव्हते. इतिहासात नाव चार्न्ली यांचे राहिले हे रास्तच. पण क्रेव्हन यांनी त्या दिवशी साहेबांचा शब्द प्रमाण मानून यंत्र बंद केले असते, तर गोष्ट निराळी झाली असती.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिइथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या शरीरात बसली. या वेळी चार्न्ली बदललेले होते. त्यांनी यशाची दवंडी पिटली नाही. काही वर्षे गेली, पहिल्या रुग्णांची क्ष-किरण चित्रे पुनःपुन्हा तपासली, झीज मिलिमीटरच्या अंशांत मोजली. लीड्सच्या थॅकरे कंपनीने त्यांचे सांधे बनवले, पण अनेक वर्षे अट अशी होती, की जो शल्यविशारद राइटिंग्टनला येऊन शिकेल, त्यालाच ते विकायचे. कंपनीचे नुकसान होत असले तरी चार्न्ली नमले नाहीत. सहव्यवसायी त्यांना हट्टी म्हणत, आणि ते हट्टी होतेच. अर्धवट शिकलेल्या हातांत चांगले अवजारही घातक ठरते, असे त्यांचे मत होते.

जंतुसंसर्गाशी त्यांनी वेगळे युद्ध मांडले. सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत सुमारे सात टक्के रुग्णांना खोल संसर्ग होई. सांध्याजवळ पू झाला, की सारे श्रम वाया. जंतू हवेतून आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या अंगावरून येतात, असे मानून त्यांनी हॉवर्थ कंपनीच्या साह्याने गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारला. शल्यविशारदांनी अंगभर झगा आणि डोक्यावर शिरस्त्राण घालायचे, उच्छ्वास नळीने बाहेर खेचला जायचा. अवकाशवीरांसारखा तो वेश पाहून पाहुणे हसत. काही वर्षांत संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले, तेव्हा हसणे थांबले.

त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. १९५७ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जिल हीव्हर यांच्याशी विवाह केला. एक मुलगा, एक मुलगी. वेगवान मोटारींचा शौक. बाकी वेळ कामाचा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, निखळण्याच्या. लहान गोळ्याची किंमत काही रुग्णांना मोजावी लागणार, हे चार्न्ली ओळखून होते. म्हणून ते शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून, स्नायूंसह पुन्हा ताणून बसवीत. स्नायू घट्ट राहिले की गोळा जागचा हलत नाही. त्यांच्या हातात हे तंत्र चोख काम करी. पण जगभरातील हजारो हातांचे काय? अमेरिकेतील मेयो क्लिनिकने चार्न्ली पद्धतीच्या ६,६२३ सांध्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार पहिल्या वर्षी सुमारे दोन टक्के सांधे निखळले. पण धोका तिथे संपला नाही. पुढे दर पाच वर्षांना साधारण एक टक्का भर पडत पंचविसाव्या वर्षी तो सात टक्क्यांवर गेला. स्नायू सैल पडतात, वाटी झिजते, म्हातारपणी तोल जातो. एकदा निखळलेला सांधा पुन्हा निखळण्याची भीती मनात बसली, की रुग्ण चालणेच कमी करतो.

या दुखण्यावर फ्रान्समधील सेंट एतिएन येथील प्राध्यापक गिल्स बूस्के यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात तोडगा काढला. त्यांच्या जोडीला आंद्रे राम्बेर हे अभियंते होते. बूस्के यांनी चार्न्ली यांचा लहान गोळा तसाच ठेवला. तो पॉलिइथिलीनच्या एका मोठ्या गोलाकार अस्तरात दाबून अडकवला आणि ते अस्तर हाडात बसवलेल्या चकचकीत धातूच्या वाटीत मोकळे सोडले. म्हणजे सांध्याच्या आत सांधा. रोजच्या चालण्यात आतला लहान गोळा फिरतो, त्यामुळे घर्षण कमी. पाय फार वाकला, की अस्तरच मोठ्या गोळ्यासारखे धातूच्या वाटीत फिरू लागते, आणि मोठा गोळा सहजी निसटत नाही. कमी घर्षणाचा चार्न्ली यांचा विचार आणि मोठ्या गोळ्याच्या स्थैर्याचा नॉर्विचच्या केन मॅकी यांचा विचार, असे एरवी परस्परांशी भांडणारे दोन विचार बूस्के यांनी एका वाटीत नांदवले.

ही कल्पना कागदावर कितीही देखणी असली, तरी टेफ्लॉनही कागदावर देखणेच होते. तेव्हा चार्न्ली यांचीच कसोटी इथेही लावली पाहिजे. दहा वर्षांनी काय? वीस वर्षांनी काय? बूस्के १९९६ मध्ये निवर्तले. १९९८ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी, बूस्के यांचेही नाव लेखकांत ठेवून, १३५ सांध्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १२ वर्षांअखेर सुमारे ९५ टक्के वाट्या शाबूत होत्या. २००९ मध्ये ३८४ सांध्यांचा १५ वर्षांचा हिशेब आला, त्यात हे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास होते आणि मोठा सांधा निखळल्याची एकही नोंद नव्हती. २०१२ मध्ये २४० सांध्यांचा २२ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. निखळण्याच्या बाबतीत निकाल तसाच उत्तम होता. पण एकूण टिकाव सुमारे ७४ टक्क्यांवर उतरला होता. बावीस वर्षांत दर चौथ्या रुग्णाला कोणत्या ना कोणत्या कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया लागते, असा त्याचा अर्थ. या ठिकाणी मेयो क्लिनिकमधील चार्न्ली सांध्यांचा २५ वर्षांचा टिकाव सुमारे ८१ टक्के होता, हेही नोंदवायला हवे. रुग्ण निराळे, वयोगट निराळे, म्हणून दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु नवे म्हणजे सर्वच बाबतींत सरस, असा समज करून घेऊ नये इतके यातून निश्चित दिसते.

शिवाय दुहेरी सांध्याने स्वतःचे एक नवे दुखणे आणले. वर्षानुवर्षांच्या झिजेने अस्तराची कड सैल होते आणि आतला लहान गोळा अस्तरातूनच सुटतो. सांध्याच्या आतल्या आत निखळणे, असे त्याला म्हणता येईल. सेंट एतिएनच्याच गटाने १,९६० सांध्यांत अशी ८१ उदाहरणे मोजली, म्हणजे सुमारे चार टक्के. जिथे हा सांधा जन्मला, त्याच केंद्राने त्याचा हा दोष आकड्यांनिशी मांडला, ही गोष्ट चार्न्ली यांना नक्कीच पसंत पडली असती. पुढे पॉलिइथिलीन सुधारले, दांड्याची मान बारीक आणि गुळगुळीत झाली, आणि नव्या रचनांत हा प्रकार दुर्मिळ होत गेला. मात्र त्या नव्या रचनांना अजून बावीस वर्षे पुरती व्हायची आहेत.

फ्रान्समध्ये हा सांधा लवकर रुळला. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. पडून खुबा मोडलेले वृद्ध, कंपवात किंवा पक्षाघाताचे रुग्ण, आणि ज्यांचा आधीचा सांधा निखळला आहे असे लोक, यांना त्याचा लाभ अधिक असल्याचे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. नॉर्डिक देशांतील नोंदवह्यांवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात खुबा मोडलेल्या रुग्णांच्या ४,५२० जोड्या लावून तुलना केली गेली. दुहेरी सांधा बसवलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा धोका सुमारे पावपट कमी आढळला. पन्नाशीच्या आतल्या, धावपळीच्या रुग्णांच्या बाबतीत मात्र झिजेचा प्रश्न उरतोच, आणि तिथे मतभेद आहेत. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची सवय असल्याने या सांध्याचे आकर्षण स्वाभाविक आहे. तरी तो बसवला म्हणजे खुशाल उकिडवे बसावे, असा त्याचा अर्थ नाही. ते ज्याच्या त्याच्या शल्यविशारदाने ठरवायचे असते.

वर्षे न मोजता घाई केली की काय होते, याचा धडा भारतानेही घेतला आहे. ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. तोवर सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात तो बसला होता. त्यांत भारतातील सुमारे ४,७०० होते. झिजेतून सुटणारे धातूचे कण रक्तात उतरत होते. नुकसानभरपाईचे सूत्र केंद्र सरकारने ठरवले ते २०१८ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. तोवर यातील कित्येक रुग्ण शोधूनही सापडत नव्हते, कारण कुणाच्या शरीरात काय बसवले याची एकत्र नोंदच नव्हती. स्वीडनने खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्येच सुरू केली होती. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. करमाळ्याचा रुग्ण टाके निघाल्यावर घरी येतो, दुखणे थांबलेले असते, रान आणि जनावरे वाट पाहत असतात. नुसते क्ष-किरण चित्र काढण्यासाठी दहाव्या वर्षी त्याने दीडशे किलोमीटर पुण्याला का जावे, हे त्याला कुणी समजावून सांगितलेले नसते.

चार्न्ली समजावून सांगत. राइटिंग्टनच्या रुग्णांना ते ठरावीक काळाने बोलावत, मोजमापे घेत, वह्यांत उतरवत. त्यांची एक मागणी तर चमत्कारिकच होती. मृत्यूनंतर खुब्याचा सांधा तपासणीसाठी रुग्णालयाला परत द्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून मागत. ज्याने पुन्हा पायावर उभे केले, त्याची ही विनंती बहुतेकांना अवघड वाटली नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे माणसाच्या शरीरात वावरलेली वाटी प्रत्यक्ष हातात घेऊन तिची झीज पाहता येऊ लागली.

मानसन्मान उशिरा, पण भरभरून आले. १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. १९७९ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निवृत्तीच्या वयातही त्यांचे काम थांबले नव्हते. ५ ऑगस्ट १९८२ रोजी, सत्तरीत, त्यांचे निधन झाले. बूस्के यांचा दुहेरी सांधा तेव्हा फ्रान्सबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

राइटिंग्टनमध्ये त्यांचे सहकारी व्रोब्लेव्स्की यांनी वह्या पुढे चालू ठेवल्या. १९६२ नंतरच्या त्या पहिल्या वाट्यांपैकी काही तीस वर्षांहून अधिक काळ मालकाच्या शरीरात चालत राहिल्या, आणि मालक गेल्यानंतर दिलेल्या शब्दाप्रमाणे मोजमापासाठी राइटिंग्टनला परत येत राहिल्या.